वाक्य उचलले, खटला मागे राहिला

खून रागाच्या भरात होऊ शकतो, पण आर्थिक गुन्हा थंड डोक्याने, हिशेब मांडून, समाजाचे काय होईल याची पर्वा न करता केला जातो, अशा आशयाचे एक विधान सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ‘गुजरात राज्य विरुद्ध मोहनलाल जितामलजी पोरवाल’ या प्रकरणात केले होते. मनी लाँडरिंगच्या किंवा मोठ्या फसवणुकीच्या प्रकरणात जामीन नाकारणारे आदेश सलग वाचत गेले, तर हे विधान पुन्हा पुन्हा भेटते. कधी ते सरकार पक्षाच्या लेखी म्हणण्यात असते, कधी ते तिथून उचलून आदेशात आलेले असते. मात्र पोरवाल प्रकरणात न्यायालयापुढे जामिनाचा अर्जच नव्हता. ते सोन्याच्या तस्करीचे प्रकरण होते आणि सोन्याच्या शुद्धतेबाबत टांकसाळीच्या अधिकाऱ्याची साक्ष नोंदवू द्यावी, ही सरकार पक्षाची विनंती उच्च न्यायालयाने नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले, आणि आर्थिक गुन्हेगार सुटले तर सगळ्या समाजाचीच हानी होते, म्हणून असा पुरावा पुढे येऊ द्यायला हवा, हे सांगताना वरचे विधान केले.

म्हणजे जे वाक्य पुरावा न्यायालयापुढे यावा म्हणून लिहिले गेले, तेच वाक्य आज एकाही साक्षीदाराची साक्ष झालेली नसताना माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी वापरले जाते. वाक्य खरे आहे की खोटे, हा माझा मुद्दा नाही. ते ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिले गेले तो प्रश्न गळून पडला आहे आणि नुसते वाक्य पुढे चालले आहे, हा माझा आक्षेप आहे.

असाच प्रवास दुसऱ्या एका परिच्छेदाचा झाला. आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग आहे आणि जामिनाच्या बाबतीत त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते, हे ९ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील नेते वाय. एस. जगनमोहन रेड्डी यांच्या प्रकरणात म्हटले. त्याच दिवशी, त्याच खंडपीठाने निम्मगड्डा प्रसाद यांच्या प्रकरणातही तेच म्हटले. हा परिच्छेद गेली बारा-तेरा वर्षे अक्षरशः जसाच्या तसा उतरवला जातो. पण रेड्डी यांच्या त्या आदेशाचा शेवट फारसा कोणी उतरवत नाही. न्यायालयाने तिथे सीबीआयला उरलेला तपास चार महिन्यांत पूर्ण करून आरोपपत्रे दाखल करायला सांगितले होते आणि त्यानंतर आरोपीला जामिनासाठी नव्याने अर्ज करण्याची मोकळीक दिली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रेड्डी यांना विशेष न्यायालयाने जामीन दिला. तो नकार तपासाच्या एका टप्प्यापुरता होता. उताऱ्यातून ती मुदत वगळली, की तो कायमचा नकार होऊन बसतो.

पूर्वीच्या निवाड्याचा आधार घेणे म्हणजे काय, याचे उत्तर आपल्या न्यायव्यवस्थेने फार पूर्वीच दिलेले आहे. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण बंधनकारक असतो तो निर्णयाचा गाभा, म्हणजे त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर, त्यात उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जे तत्त्व वापरावे लागले ते तत्त्व. ओघात केलेली टिप्पणी, युक्तिवादाला दिलेले उत्तर किंवा खंत म्हणून लिहिलेले वाक्य यांना मान असतो, पण कलमाचे वजन नसते. ‘हरियाणा फायनान्शियल कॉर्पोरेशन विरुद्ध जगदंबा ऑइल मिल्स’ या २००२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्पष्टपणे सांगितले आहे, की निकालपत्रातील विधाने युक्लिडच्या प्रमेयांसारखी किंवा कायद्याच्या कलमांसारखी वाचायची नसतात आणि आपल्यापुढची वस्तुस्थिती त्या निवाड्यातील वस्तुस्थितीशी कशी जुळते हे सांगितल्याशिवाय त्याच्यावर विसंबायचे नसते. गंमत वाटावी इतकी, की खुद्द हे वाक्यसुद्धा अनेकदा तसा जुळणीचा प्रयत्न न करताच उद्धृत केले जाते. पण मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही, कारण त्या जुळणीवर कोणाची तरी वर्षे अवलंबून असतात.

मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत ही सवय इतर कोणत्याही प्रकरणांपेक्षा जास्त महाग पडते आणि त्याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे पीएमएलए म्हणतात, १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४५ मध्ये जामिनासाठी दुहेरी अटी आहेत. सरकारी वकिलांना विरोध करण्याची संधी द्यायची आणि त्यांनी विरोध केला, तर आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे व जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच त्याला सोडायचे. खटला सुरू होण्याआधीच निर्दोषत्वाबद्दल न्यायालयाची खात्री पटवायची, हे कोणालाही अवघडच जाते. मनी लाँडरिंगची शिक्षा अमली पदार्थांशी निगडित प्रकरणे सोडल्यास जास्तीत जास्त सात वर्षांची आहे. म्हणून खटला लांबला, की जामिनाचा आदेश हाच पुष्कळदा व्यवहारात निकाल ठरतो, आणि तो आदेश जर उताऱ्यांची चळत असेल, तर त्या माणसाच्या प्रकरणाचा विचार झाला असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या दुहेरी अटींचा इतिहासच पाहण्यासारखा आहे, आणि त्याचा मोठा भाग मुंबईत घडला. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘निकेश ताराचंद शहा’ प्रकरणात न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने त्या अटी घटनाबाह्य ठरवल्या. त्या निवाड्यानंतर, मे २०१८ मध्ये छगन भुजबळ यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. दरम्यान संसदेने २०१८ च्या वित्त कायद्याद्वारे कलम ४५ मधील काही शब्द बदलले होते. मग प्रश्न आला, की शब्द बदलल्याने रद्द झालेल्या अटी पुन्हा जिवंत झाल्या का? जून २०१८ मध्ये समीर भुजबळ यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नाही असे उत्तर दिले आणि हा आदेश नंतर इतर राज्यांतही आधार म्हणून वापरला गेला. ओडिशा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये उलट मत दिले. एकच कायदा, एकच कलम, आणि तरीही आरोपी कोणत्या राज्यात पकडला गेला यावर त्याला कोणती कसोटी लागणार हे ठरत होते. २७ जुलै २०२२ रोजी ‘विजय मदनलाल चौधरी’ या निवाड्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दुरुस्तीनंतरच्या दुहेरी अटी वैध ठरवल्या आणि तो वाद त्या पुरता मिटला.

उच्च न्यायालयांमध्ये मतभेद होणे यात वावगे काही नाही. एका उच्च न्यायालयाचा निवाडा दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. त्या मतभेदांचा मला राग नाही, उलट त्यातील चांगल्या आदेशांत कारणे समोर मांडलेली होती आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला ती तपासता आली. तपासता येत नाही तो आदेश, ज्यात ‘अमुक निवाड्यातील तत्त्व लक्षात घेता’ एवढेच लिहिलेले असते.

विजय मदनलाल निवाड्याबद्दल थोडे थांबून बोलावे लागेल, कारण आज या क्षेत्रातील जवळपास प्रत्येक आदेशात तो असतो. न्या. खानविलकर, न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. रविकुमार यांच्या पीठाने दिलेले हे निकालपत्र मूळ स्वरूपात ५४५ पानांचे आहे. त्याचे निष्कर्ष न्यायालयाच्या मूळ प्रतीत परिच्छेद १८७ मध्ये आहेत, तर वकिलांच्या नेहमीच्या वापरातील निवाडा-संग्रहात तेच परिच्छेद ४६७ म्हणून छापले आहेत. सुनावणीत एक पक्ष १८७ म्हणतो, दुसरा ४६७ म्हणतो आणि दोघे एकाच मजकुराबद्दल बोलत आहेत हे कळायला क्षणभर जातो. या निष्कर्षांच्या यादीत दोन्ही बाजूंना हवे ते सापडते. ईडीचे (सक्तवसुली संचालनालयाचे) अधिकारी पोलीस अधिकारी नाहीत, ईसीआयआर, म्हणजे ईडीची प्रकरणाची अंतर्गत नोंद, ही एफआयआर नव्हे आणि त्याची प्रत प्रत्येक प्रकरणात द्यायलाच हवी असे नाही, गुन्ह्याचा पैसा निष्कलंक म्हणून दाखवला नसला तरी नुसता बाळगणे किंवा वापरणेही मनी लाँडरिंग ठरू शकते, हे सरकार पक्ष वाचतो. मूळ अनुसूचित गुन्ह्यातून, म्हणजे पीएमएलएच्या यादीतील ज्या गुन्ह्यातून तो पैसा आला त्यातून, आरोपी अंतिमतः निर्दोष सुटला किंवा तो खटलाच रद्द झाला, तर मनी लाँडरिंगचा गुन्हाही उरत नाही, हे बचाव पक्ष वाचतो. हा दुसरा निष्कर्ष तीनच आठवड्यांत, ‘पार्वती कोल्लूर’ प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्वतः लागू केला.

निष्कर्षांची यादी सोयीची असते, आणि तिथेच धोका आहे. यादीतले एकेक वाक्य सुटे करता येते. ५४५ पाने वाचायला कोणाला वेळ नाही, ही अडचण मी समजू शकतो. सत्र न्यायालयाच्या एका दालनात दिवसाच्या फलकावर किती प्रकरणे असतात हे जो रोज पाहतो, तो तिथल्या न्यायाधीशाला दोष देताना दहादा विचार करील. वकील उभा राहतो, निवाड्यांचा जाडजूड गठ्ठा पुढे सरकवतो, त्यातल्या काही ओळींवर पिवळा रंग मारलेला असतो, आणि समोरच्याचा गठ्ठा त्याहून जाड असतो. न्यायाधीशाच्या नजरेला पहिल्यांदा पडतो तो पिवळा रंग. ‘साहेब, हा निवाडा पूर्णपणे लागू पडतो’, असे दोघेही म्हणतात. कसा लागू पडतो, हे सांगायला सहसा कोणी थांबत नाही.

हे काम नीट केले तर काय होते, याचे उदाहरण २९ नोव्हेंबर २०२३ चा ‘पवना डिब्बूर’ निवाडा आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम १२०-ब, म्हणजे गुन्हेगारी कट, पीएमएलएच्या अनुसूचीत होते. म्हणून कोणत्याही गुन्ह्याचा कट दाखवला की तेवढ्यावर मनी लाँडरिंगचा खटला उभा करता येतो, अशी ईडीची भूमिका होती. न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने विजय मदनलाल निवाडा बाजूला सारला नाही, तो तसा सारता आलाही नसता. त्यांनी अनुसूचीची रचना कशासाठी आहे हे तपासले आणि म्हटले, की कट जर अनुसूचीतील गुन्हा करण्याचा असेल तरच तो अनुसूचित गुन्हा ठरेल. नाही तर अनुसूचीत गुन्हे निवडून घालण्याला अर्थच उरणार नाही. त्याच निवाड्यात त्यांनी असेही म्हटले, की मनी लाँडरिंगच्या आरोपीचे नाव मूळ गुन्ह्यातही आरोपी म्हणून असलेच पाहिजे असे नाही. बचाव पक्षाचे वकील पहिला भाग वाचतात आणि दुसरा गाळतात, सरकारी वकील नेमके उलट करतात. निवाडा मात्र दोन्ही भागांचा मिळून आहे.

अटकेच्या कारणांबाबत तर एका निवाड्याचा अर्थ अडीच महिन्यांत आखडला गेला. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘पंकज बन्सल’ प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी सांगितले, की यापुढे ईडीने अटकेची कारणे आरोपीला लेखी द्यावीत. १५ डिसेंबरला ‘राम किशोर अरोरा’ प्रकरणात दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी त्यातील ‘यापुढे’ या शब्दावर बोट ठेवले आणि ३ ऑक्टोबरच्या आधीच्या अटका केवळ कारणे लेखी दिली नाहीत म्हणून बेकायदा ठरणार नाहीत, असा निर्णय दिला. मी या दुसऱ्या निवाड्याशी सहमत नाही. कारणे कळण्याचा हक्क अनुच्छेद २२ मधून येतो, तो एखाद्या तारखेला जन्माला येत नाही. पण हा निवाडा देणाऱ्यांनी पहिल्या निवाड्यातील नेमका शब्द धरून, का ते सांगून मत मांडले. म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. मे २०२४ मध्ये ‘प्रबीर पुरकायस्थ’ प्रकरणात बन्सल निवाड्याचे तत्त्व यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, अटकेलाही लागू झाले, तेही हक्काचा उगम संविधानात आहे या कारणाने. इथे कायदा वेगळा, आरोप वेगळा, तरीही आधार योग्य होता, कारण प्रश्न एकच होता.

आता दुसरी बाजू, आणि ती मला हलकी वाटत नाही. फसवणुकीच्या प्रकरणात एका बाजूला आरोपी असतो, तशी दुसऱ्या बाजूला हजारो माणसे असतात. पतसंस्थेत निवृत्तीचे पैसे अडकलेले शिक्षक, दामदुपटीच्या योजनेत मुलीच्या लग्नाची रक्कम घातलेली कुटुंबे महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात भेटतील. जामिनाच्या प्रत्येक आदेशाकडे ही माणसे आपल्या पैशांचे काय होणार या डोळ्यांनी पाहतात. आर्थिक गुन्हे वेगळा वर्ग आहेत, या विधानामागे त्यांचेच दुःख आहे, आणि ते विधान करणाऱ्या न्यायमूर्तींचा हेतू मी नाकारत नाही.

पण ठेवीदारांनाही निष्काळजी आधाराने न्याय मिळत नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, ज्याला एमपीआयडी म्हणतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला, तर जवळपास तशाच तमिळनाडूच्या कायद्याला मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने वैध मानले. २०११ मध्ये ‘के. के. बास्करन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या बाजूने कौल दिला आणि मुंबईच्या मताशी असहमती का, हे सांगितले. त्या भक्कम पायावर पुढची इमारत उभी राहिली: एप्रिल २०२२ मध्ये ‘६३ मून्स टेक्नॉलॉजीज’ प्रकरणात, नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधील सुमारे ५,६०० कोटींच्या थकबाकीच्या संदर्भात, उच्च न्यायालयाने रद्द केलेली एमपीआयडीखालील जप्ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली, आणि तेही ‘ठेव’ या शब्दाची व्याख्या शब्दशः उलगडून. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्या बाजूने लागलेला हा निर्णय कोणत्याही संतप्त विशेषणावर उभा नाही. उलट उताऱ्यांवर उभा असलेला आदेश वरच्या न्यायालयात टिकत नाही, खटला मागे पडतो आणि त्या प्रत्येक फेरीत ठेवीदाराचे वय वाढते.

शिवाय सर्वोच्च न्यायालयानेच या सवयीबद्दल सावध केले आहे. पी. चिदंबरम यांच्या आयएनएक्स मीडिया प्रकरणात, ५ सप्टेंबर २०१९ रोजी, आर्थिक गुन्ह्यांचे वेगळेपण सांगून अटकपूर्व जामीन नाकारला गेला. त्याच ईडी प्रकरणात ४ डिसेंबरला नियमित जामीन देताना न्यायालयाने म्हटले, की गुन्हा गंभीर आर्थिक स्वरूपाचा असला तरी प्रत्येक वेळी जामीन नाकारायचा असा नियम नाही आणि दुसऱ्या एखाद्या प्रकरणातील पूर्वनिर्णय एवढ्याच आधारावर जामीन द्यायचाही नसतो, नाकारायचाही नसतो. दोन्ही पीठांत न्या. भानुमती आणि न्या. बोपण्णा होते. सप्टेंबर आणि डिसेंबर यांत विसंगती नाही; प्रश्नच दोन होते, एक अटकेपूर्वीचा आणि एक कोठडीनंतरचा. पण न्यायालयात सप्टेंबरचा निवाडा एका हातात असतो, डिसेंबरचा दुसऱ्या. ‘सतेंदर कुमार अंतिल’ प्रकरणातही, ११ जुलै २०२२ रोजी, सगळे आर्थिक गुन्हे एकाच गटात टाकून तेवढ्यावर जामीन नाकारणे योग्य नाही, असे न्यायालयाने लिहिले. म्हणजे विजय मदनलालच्या सोळा दिवस आधी.

एक नवी अडचणही आली आहे. २०२५ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात, आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याने आधार घेतलेले निवाडे अस्तित्वातच नाहीत असे आढळल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ती आकारणी रद्द केली आणि यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने, दिलेला निवाडा पडताळल्याशिवाय वापरू नये, असे बजावले. अस्तित्वात नसलेला निवाडा शोधून काढता तरी येतो. अस्तित्वात असलेला, पण वेगळ्याच प्रश्नावरचा निवाडा पकडायला कोणीतरी तो उघडून वाचावा लागतो.

म्हणून माझे म्हणणे अगदी मर्यादित आहे. पीएमएलए किंवा मोठ्या फसवणुकीच्या प्रकरणात ज्या निवाड्याचा आधार घेतला जातो, त्याच्या नावाबरोबर आदेशात तीन गोष्टी लिहाव्यात: त्या प्रकरणात प्रश्न कोणता होता, कोणत्या टप्प्यावर होता, आणि आपल्यापुढच्या वस्तुस्थितीशी तो कुठे जुळतो. वकिलांनी गठ्ठा देताना प्रत्येक निवाड्यामागे हीच टीप लावावी, आणि विशेष न्यायालयांनी ती मागावी. टीप नसलेला निवाडा वाचायला घेऊ नये. उच्च न्यायालयांना आपल्या अखत्यारीतील फौजदारी न्यायालयांसाठी अशी पद्धत घालून देता येते, त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. यात वेळ जाईल हा आक्षेप मला मान्य आहे, पण चार निवाडे नीट वाचायला लागणारा वेळ चाळीस निवाड्यांचे उतारे टंकलिखित करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त नाही.

अशी नोंद असती, तर पोरवाल निवाड्यासमोर ‘प्रश्न: जादा पुरावा घ्यावा की नाही’ असे लिहावे लागले असते. जगनमोहन रेड्डी यांच्या निवाड्यासमोर ‘टप्पा: तपास अपूर्ण, चार महिन्यांची मुदत’ असे लिहावे लागले असते. आणि ‘सेंथिल बालाजी’ प्रकरणात २६ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे केले, तेही त्याच रकान्यांत सहज बसते: प्रश्न, खटला वाजवी मुदतीत संपण्याची शक्यता नसताना कठोर अटींखाली किती काळ कोठडीत ठेवता येते, आधार, यूएपीएच्या प्रकरणातील २०२१ चा ‘के. ए. नजीब’ निवाडा, जुळणी, दोन्ही कायद्यांत जामिनाच्या अटी कडक आणि दोन्हीकडे खटला लांबलेला. कायदे दोन होते, पण जुळणी न्यायालयाने लिहून दाखवली होती, आणि उद्या एखाद्या सरकारी वकिलाला ती चूक वाटली तर नेमके कशावर बोट ठेवायचे, हे त्याला ठाऊक असेल.